शेपटाची घंटा

गुरुवारी ओहोटी पावणेअकराला होती, म्हणजे दहाला निघायचं. दहाला पाच कमी असताना तिकीट खिडकीसमोर तेरा माणसं टोप्या सारख्या करत उभी होती, आणि त्यांच्याकडे नुसतं बघूनच शेपटाचे गुडघे दुखायला लागले.

शेपूट हे काही त्याचं नाव नव्हे, तो त्याचा हुद्दा. कड्याच्या पायथ्याने, भरतीत बुडणाऱ्या खडकांवरून चालत गुहेपर्यंत जायचं, गुहा बघायची, फोटो काढायचे आणि पुढे खडकाचं एक वळण ओलांडून लोखंडी शिडीने वर सडकेवर यायचं, अशी ही दीड तासाची फेरी. आलेल्या वाटेने परत फिरण्यात फारसा अर्थ नसतो, कारण तोवर समुद्राने ती वाट परत घ्यायला सुरुवात केलेली असते. रांगेच्या पुढे जो चालतो त्याला डोकं म्हणायचं आणि सगळ्यात मागे जो चालतो त्याला शेपूट. डोकं म्हणजे त्याची बायको. "आमच्या घरात डोकं कुणाकडे आहे ते सरकारी पाटीवरच लिहिलंय," हा विनोद त्याने बावीस वर्षांत इतक्या वेळा केला होता की आता त्यालाच तो ऐकवत नव्हता. लोक मात्र हसायचे. सुट्टीवर आलेला माणूस कशालाही हसतो.

बावीस वर्षं नवरा-बायको एकाच वाटेने एकाच वेळी फिरायला जात होते आणि मध्ये कायम डझनभर परकी माणसं होती. घरी भांडण झालं असलं तर ही सोयच होती म्हणा. पण एरवी शेपटाला कधीकधी वाटायचं, आपण बायकोपेक्षा बायकोची पाठच जास्त पाहिली आहे.

डोक्याने टाळी वाजवली. मग रोजचं भाषण झालं, त्याच शब्दांत आणि त्याच जागी श्वास घेऊन.

"मी एकदा निघाले की मागे बघत नाही. माझे डोळे पुढच्या खडकावर आणि पाण्यावर. तुम्हाला सांभाळायला माझे कान आहेत. सगळ्यात शेवटी आमचे हे, त्यांच्या काठीला घंटा. कुणीही त्यांच्या मागे राहायचं नाही. घंटा वाजतेय म्हणजे सगळे आहेत. घंटा थांबली की मी थांबले. घंटा घाईघाईने वाजली की मी उलटी फिरले. बावीस वर्षांत एक माणूस मागे राहिलेला नाही."

शेपूट खाली मान घालून काठीला बांधलेल्या पितळी घंटेकडे बघत होता. त्या घंटेत आवाज नव्हता. आज चौथा दिवस.

सोमवारी गुहेच्या अलीकडे घंटेच्या आतला लोलक पडला होता. घासून घासून त्याची कडी कागदासारखी पातळ झाली होती. एका उडीला ती तुटली आणि लोलक खडकांतल्या डबक्यात जाऊन शेवाळाखाली गडप झाला. शेपूट जागच्या जागी थांबला. घंटा बंद, म्हणजे आता डोकं थांबणार, वळणार आणि चारचौघांत आपली हजेरी घेणार, म्हणून त्याने चेहराही अपराधी करून ठेवला. डोकं थांबलं नाही. रांग निघून गेली आणि त्यालाच धावत गाठावी लागली.

वर आल्यावर बुटातली वाळू झटकताना ती म्हणाली होती, "अहो, आज घंटा कशी एकसारखी वाजवलीत! नाहीतर तुमचं अर्धं लक्ष खेकड्यांत."

त्याला आधी टोमणा वाटला. बायकोचे टोमणे त्याला तोंडपाठ होते, कुठला कशावर निघाला ते तो झोपेत सांगू शकला असता. हा त्यातला नव्हता. ती खरोखर खूश होती.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. घरात टीव्ही इतका मोठा लागायचा की शेजारच्या वहिनी आपला टीव्ही लावायच्याच नाहीत, इकडचाच ऐकायच्या. डावीकडून काही विचारलं की ती "हो, हो" म्हणायची, मग प्रश्न 'भात उतू गेला का' असा असो की 'माझा चष्मा कुठाय' असा. फोन ती आताशा फक्त उजव्या कानाला लावायची. ह्या सगळ्याचं खापर त्याने आजवर वाऱ्यावर फोडलं होतं. समुद्राकाठी वारा हा फार सोयीचा गुन्हेगार आहे. तो कधी नाही म्हणत नाही.

मंगळवारीही तो मुकी घंटा घेऊनच चालला. वर आल्यावर ती काहीच बोलली नाही, म्हणजे सगळं ठीक होतं. बुधवारी वारा नावाला नव्हता, पाणी तर तेलासारखं स्वस्थ. तरी ती म्हणाली, "आज कशी अगदी जवळून वाजत होती."

आता कुणी म्हणेल, चार दिवस तेरा-तेरा जिवांशी खेळ करण्यापेक्षा सरळ सांगून का टाकलं नाही? सांगायला काय जातं! पण त्याचा हात दगडाखाली होता. हंगामाच्या सुरुवातीलाच त्याने तिला म्हटलं होतं की आता पुरे करू, माझ्याने होत नाही, सकाळी उठलो की आधी गुडघे उठवावे लागतात. त्यावर ती तडकली होती. "तुम्ही दमला असाल तर बसा घरी. मी दुसरं शेपूट बघेन." दोन दिवस अबोला झाला आणि तिसऱ्या दिवशी शेपूट मुकाट्याने काठी घेऊन हजर झाला. आता तिचा कान गेलाय म्हणून सांगायचं, तर पहिला प्रश्न त्याचा त्यालाच पडत होता: हे मी लोकांच्या जिवासाठी सांगतोय की माझ्या गुडघ्यांसाठी? तिला काय वाटेल हे तर उघड होतं. आणि ह्या फेरीवाचून ती काय करणार? त्या खडकांवर पाय ठेवला की ती वीस वर्षांनी लहान व्हायची. हे तो मागून रोज बघत होता.

खिशात एक मोठा नट होता. दोऱ्याने घंटेत बांधला की काम भागलं असतं. मंगळवारपासून तो नट खिशात होता आणि मंगळवारपासून तो बांधत नव्हता. घंटा वाजायला लागली की आपण आणखी एक हंगाम गप्प बसू, एवढं तो स्वतःला ओळखून होता. आज संध्याकाळी सांगायचंच, असं त्याने ठरवलं होतं. अर्थात ते त्याने कालही ठरवलं होतं.

तोवर त्याने आपल्या अकलेने एक तोड काढली होती. निघताना मागच्या दोघातिघांना हळूच सांगायचं, "मी थांबा म्हटलं की पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा. त्याने त्याच्या पुढच्याच्या. असं थेट बाईंपर्यंत पोचवा." तीन दिवस त्याची गरज पडली नव्हती.

रांग निघाली. शेपूट लोकांची नावं विचारत नसे, आपली आपण ठेवी. आज पुढे एक कॅमेरा होता, मध्ये एक नवी जोडी होती, कानांत गाणी घातलेला एक उंच पोरगेला इसम होता. शेवटी एक साठीचा, कडक इस्त्रीची पँट घालून खडकांवर आलेला गृहस्थ होता. तो प्रत्येक शिंपल्याचं नाव चुकीचं आणि ठामपणे सांगत होता, म्हणून त्याचं नाव हेडमास्तर पडलं. त्याच्या पुढे त्याची धाकटी बहीण होती, डोक्यावर सुपाएवढी टोपी.

टोपीवालीचं लक्ष बारीक होतं. "अहो, ही घंटा वाजत कशी नाही?"

"वाजते, वाजते. वेळ आली की वाजते," शेपूट म्हणाला. उत्तर ऐकून त्याची त्यालाच लाज वाटली.

डबकी आली. डोक्याने दरवेळेसारखं वाकून खडकाला चिकटलेला तारामासा दाखवला, सगळ्यांनी दरवेळेसारखं "अय्या" केलं. गुहेत गेल्यावर लोकांनी हाका मारून आपापले आवाज परत मिळवले. नवी जोडी गुहेच्या तोंडाशी फोटोला उभी राहिली ती हलेचना. आधी हात धरून, मग हात सोडून, मग एकमेकांकडे न बघता. डोक्याने दोनदा घड्याळाकडे बोट दाखवलं. शेपूट एका दगडावर टेकला आणि गुडघे चोळत बसला. त्याला वाटलं, हे दोघं जन्मभर फोटो काढत बसले तरी चालेल, मला उठायला लावू नका.

गुहेतून निघायला वीस मिनिटं उशीर झाला. पुढे ते वळण. त्याला सगळे कोपर म्हणतात, कारण तिथे कडा हाताचा कोपर काढावा तसा समुद्रात येतो आणि वाट त्याला वळसा घालून जाते. पाणी पहिल्यांदा तिथेच चढतं. डोकं कोपरापलीकडे गेलं, मग कॅमेरा, मग एकेक करून बाकीचे दिसेनासे झाले. मागे तिघंच राहिले आणि तेवढ्यात हेडमास्तर एका शिंपल्याकडे बोट दाखवता दाखवता खाली बसला. बसला नव्हे, त्याचा पाय दोन खडकांच्या फटीत घोट्यापर्यंत गेला होता.

"थांबा!" शेपूट ओरडला. टोपीवालीने धावत जाऊन पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचा म्हणजे कानांत गाणीवाला. त्याला वाटलं, बाई तोल सावरताहेत. तो हसला आणि चालत राहिला.

शेपटाने काठी हलवली. बावीस वर्षांच्या सवयीने, जिवाच्या आकांताने, घाईघाईने हलवली. घंटा इकडून तिकडे नाचली आणि तिच्यातून चकार शब्द निघाला नाही. त्याक्षणी त्याला स्वतःची इतकी चीड आली की तो मोठ्याने स्वतःलाच शिवी देऊन बसला. हेडमास्तरला वाटलं ती आपल्याला दिली. "मी मुद्दाम नाही हो अडकवला," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तुम्हाला नाही. ताई, तुम्ही पळा. बाईंचा हात धरा आणि त्यांना मागे फिरवा. नुसतं सांगू नका, हात धरा!"

टोपीवाली पळाली. टोपी वाटेतच पाण्यात गेली, तिने वळूनही पाहिलं नाही. शेपूट गुडघ्यांवर बसला, ज्या गुडघ्यांवर तो देवासमोरसुद्धा वर्षभरात बसला नव्हता. पाय खेचून निघेना. बुटाची नाडी ओली होऊन आवळली होती, ती त्याने दातांनी सोडवली. खारट पाणी आता फटीत येऊन परत जात होतं, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोडं जास्त येत होतं.

"मी बुडणार का?" हेडमास्तरने विचारलं. आवाजातली सगळी इस्त्री गेली होती.

"बूट बुडेल. तुम्ही नाही. आता बोटं आवळा आणि पाय वर घ्या. माझ्या खांद्यावर भार टाका, सगळा टाका!"

बूट फटीत राहिला आणि पाय सुटला. घोटा सुजला होता. एका हातात काठी, खांद्यावर हेडमास्तर, अशा अवस्थेत शेपूट कोपराशी आला तेव्हा पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं होतं. भिंत धरून धरून ते वळले आणि समोर शिडी दिसली.

अकरा माणसं वर पोचली होती. खाली, शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्याची बायको बसली होती. टोपीवाली तिचा हात ओढत होती. पण जे त्याच्या काळजात रुतलं ते हे नव्हतं. बायको अगदी निवांत होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि तिची मान हळूहळू हलत होती, घंटेच्या ठेक्यावर हलावी तशी.

"अहो, येताहेत ते," ती टोपीवालीला समजावत होती, लहान मुलाला समजवावं तसं. "घंटा वाजतेय की! जवळच आलेत."

"बाई, कसली घंटा?" टोपीवाली रडत ओरडली. "घंटा वाजतच नाहीये!"

तिने डोळे उघडले. कोपराशी गुडघाभर पाण्यातून येणारा नवरा तिला दिसला, त्याच्या खांद्यावरचा माणूस दिसला आणि काठीला लोंबणारी घंटा दिसली. नवरा चालत होता आणि घंटा हलत होती. तिच्या कानातला ठेका त्या हलण्याशी जुळत नव्हता. मग ती उठली, बुटांसकट पाण्यात शिरली, हेडमास्तरचा दुसरा हात आपल्या मानेवर घेतला आणि तिघं शिडीशी आले.

वर तिकीट खिडकीत तिचा धाकटा भाऊ बसायचा. त्याने बर्फ आणला, घोटा बांधला, गाडी बोलावली. मोडलं काही नव्हतं. जाताना हेडमास्तरने शेपटाचे दोन्ही हात धरले आणि काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, पण त्याला रडूच आलं. नव्या जोडीने शेवटी त्यांचा फोटो काढला नाही, एवढी अक्कल त्यांनाही होती.

सगळे गेल्यावर मेहुणा खडू घेऊन पाटीशी आला. "ताई, उद्या ओहोटी साडेअकराला. पावणेअकराला निघायचं, असं लिहू ना?"

ताई खिडकीमागच्या बाकावर बसली होती. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकलं आणि उत्तर दिलं नाही. आता हे तरी कसं ओळखायचं, असं शेपटाला वाटलं. त्याने मेहुण्याला हातानेच थांबवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. डावीकडची जागा मोकळी होती, तिथे बसला.

तिने काठी ओढून मांडीवर घेतली. घंटा उलटी केली. आतली तुटकी कडी बोटाने चाचपली.

"कधी पडला?"

"सोमवारी."

ती वळली आणि त्याच्या ओठांकडे बघून म्हणाली, "परत सांगा."

"सोमवारी," तो मोठ्याने म्हणाला. "चूक माझी. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला वाटलं, तू म्हणशील ह्यांना घरी बसायचंय म्हणून माझा कान पुढे करताहेत."

"म्हटलंच असतं." तिने जराही वेळ घेतला नाही. मग बोटांवर मोजलं. "सोमवार, मंगळवार, बुधवार. आज. रोज तेरा-तेरा माणसं. आणि मी त्यांना छाती ठोकून सांगत होते की एक माणूस मागे राहिलेला नाही." तिने मोजायची बोटं मुठीत मिटली. "अहो, मग मी काय ऐकत होते?"

त्याला काय माहीत? कानाच्या डॉक्टरला माहीत असेल.

"रात्री झोपताना पण वाजते," ती म्हणाली. "गेलं वर्षभर वाजतेय. मला वाटायचं, दिवसभर ऐकते म्हणून घुमत असेल. स्वयंपाक करताना वाजते. आत्ता पण वाजतेय." तिने घंटा पालथी करून मांडीवर दाबून धरली, दोन्ही हातांनी. "थांबवा ना हो."

शेपटाने आयुष्यात तिची बरीच कामं टाळली होती. गळका नळ, गच्चीचं दार, माळ्यावरचे डबे. हे एक काम त्याने त्या क्षणी केलं असतं, गुडघे फोडून घेऊन केलं असतं, पण हे त्याच्या हातात नव्हतं. त्याने दोन्ही तळवे तिच्या कानांवर ठेवले. तळव्यांना खडकांवरची वाळू चिकटलेली होती. ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

"थांबली?"

तिने मान हलवली. नाही.

मग तिने त्याचे हात खाली घेतले, उठून पाटीशी गेली आणि आजची वेळ पदराने पुसली. उद्याची लिहिली नाही. खडू भावाच्या हातात परत दिला. "आता दुसरं डोकं शोध रे," ती म्हणाली. "आणि कान आधी तपासून घे." भाऊ काही विचारणार होता, पण दाजींचा चेहरा बघून त्याने खडू खिशात टाकला.

ती परत येऊन बसली. समोर पाणी कोपर गिळून कड्याला लागलं होतं. हेडमास्तरचा बूट त्याखाली कुठेतरी होता. शेपटाला वाटलं होतं, हा दिवस येईल तेव्हा आपल्याला हायसं वाटेल. तसं काही वाटलं नाही. नुसता थकवा होता, आणि तोही एकट्याचा नव्हता.

"वाजू दे," ती म्हणाली. "वाजतेय तोवर तुम्ही मागे आहात असं तरी वाटेल."

"मागे कशाला? शेजारी बसलोय की," तो म्हणाला.

ती समुद्राकडेच बघत राहिली. तिला ऐकू गेलं नव्हतं.

तेव्हा शेपूट उठला. बाकाचा हात धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा. बाकाला वळसा घालून तो तिच्या उजवीकडे येऊन बसला आणि तेच वाक्य त्याने पुन्हा म्हटलं.